तुंब्यातला काजळी वाल

"साहेब, काजळी वाल चोरीला गेला. चोरही सापडलाय. तुम्ही आजच या."

फोनवर नम्रता होती. कर्जतजवळ कोंडाण्याच्या अलीकडच्या गावात बायकांचा बियाणे गट आहे, त्याची ही अध्यक्ष. एरवी तिचा आवाज चार घरं ओलांडून जातो. आज तो दबलेला होता.

सहदेव थोरवे नेरळच्या एका नव्या इमारतीच्या गच्चीवर उभा होता. बत्तीस वर्षं कृषी सहायक म्हणून कर्जत-खालापूरचे बांध तुडवून तो निवृत्त झाला होता, आणि आता फ्लॅटमधल्या लोकांना कागदी कपात बी लावायला शिकवत होता. हाताला काम मिळालं होतं, आणि तोंडाला त्याहून जास्त.

फोन वाजला तेव्हा त्याचा वर्ग रंगात आला होता. "बियाणं तीन तऱ्हेचं. देशी, सुधारित आणि संकरित. पहिल्या दोघांचं बी धरून पुन्हा लावता येतं, पोरं आईबापांवर जातात. संकरित मात्र दर वर्षी नवं आणायचं, त्याची पोरं कुणावर जातील याचा नेम नाही. बी गुलाबी किंवा निळं दिसलं की समजा, औषध चोळलंय. आणि वालासारख्या बियांत काही दाणे भिजवूनही फुगत नाहीत. आम्ही त्यांना गणंग म्हणतो. मेले समजून टाकू नका. साल पॉलिश पेपरवर जरा घासा, लगेच उगवतात. न घासता टाकले तरी उगवतात, पण आठ-पंधरा दिवस उशिरा."

मग आवाज चढवून तो म्हणाला होता, "आणि बियाणं खायचं नसतं. शेतकरी उपाशी झोपेल, पण बियाण्याला हात लावणार नाही. ज्यानं बियाणं खाल्लं त्याला आमच्याकडे गावात तोंड दाखवता येत नाही."

बायकांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं होतं.

सहदेवने वर्ग आटोपता घेतला आणि स्कूटर काढली.

काजळी वाल म्हणजे परसात मांडवावर चढवायचा वेलाचा वाल. दाण्याच्या डोळ्याजवळ काजळ घातल्यासारखी काळी रेघ. चवीला कडवट, बिरड्याला, म्हणजे मोडाच्या सोललेल्या वालाच्या उसळीला, एक नंबर. गावात तो एकट्या सोनुबाईंकडे उरला होता. दर वर्षी त्या मूठभर पेरायच्या आणि बाकीचा दुधी भोपळ्याच्या वाळवलेल्या तुंब्यात, राखेत घोळून, शेणाने तोंड लिंपून ठेवायच्या. सत्तरी उलटलेल्या सोनुबाईंना आसपासच्या गावांत मान होता तो या तुंब्यामुळेच.

नम्रताच्या ओटीवर बारा-पंधरा कागदी कप मांडलेले होते. प्रत्येकात बोटभर रोप.

"बघा," ती म्हणाली. "सगळी हिरवी. काजळीचं रोप देठाला जांभळं असतं, हे तुम्हीच शिकवलंत."

"खरं आहे. हा काजळी नाही. आता पहिल्यापासून सांगा."

"एक जूनला आपला बियाणे मेळा झाला. सोनुआजींनी तुंबा आणला आणि सगळ्यांसमोर त्याचं तोंड फोडलं."

"तोंड लिंपलेलं होतं?"

"हो. तुम्ही पुण्याच्या दोघा पाहुण्यांना घेऊन आलात तेव्हाही लिंपलेलंच होतं की. आजींनी फोडू दिला नाही, आता मेळ्यातच म्हणाल्या. आठवतं ना? सोळा पानं उठली त्या दिवशी."

सहदेवला चांगलं आठवत होतं. तारीख वीस मे. देशी वाणांची नोंद करणारे ते पाहुणे त्यानेच आणले होते, आणि सोनुबाईंच्या ओटीवर गटाच्या बायकांसकट सगळे पोटभर जेवले होते.

"मेळ्यात तुंब्यातून काय निघालं?"

"राख आणि वाल."

"दाण्यावरची रेघ कुणी पाहिली?"

नम्रता अडखळली. "राखेत लोळलेले दाणे, साहेब. पुसून कोण बघतंय? राखेसकटच लावतात ना?"

"पुड्या कुणी बांधल्या?"

"भागीनं. आतल्या खोलीत, एकटीनं. चाळीस घरांच्या चाळीस पुड्या. तिथंच तिनं बदली केली."

"हे कशावरून?"

"परवा आम्ही सहाजणी तिच्या घरी गेलो होतो. मडक्यात काजळी वाल निघाला. ओंजळभर."

"झडती घेतलीत तिच्या घराची?"

"तीच म्हणाली, बघा."

"पण आधी संशय तिच्यावरच का? दुसऱ्या कुणावर का नाही?"

"ती सोनुआजींकडं सारवायला जाते. घरातलं सगळं तिला ठाऊक. आणि शिवाय..."

"शिवाय काय?"

"ठाकरवाडीवरची आहे," नम्रता खाली बघत म्हणाली. पण म्हणाली.

भागी गेल्या वर्षीच गटात आली होती. आदिवासी वाडीवरची ती पहिलीच. रविवारी सभा होती. त्यात तिचं नाव काढून टाकायचं आणि मग पोलीस चौकीत जायचं असं ठरलं होतं. चोर म्हणून एकदा नाव झालं की गावात तिला कुणी उंबऱ्यात उभं करणार नव्हतं, आणि तिचं घर गावातल्या कामावरच चालत होतं.

"रविवारपर्यंत कुणी चौकीत जायचं नाही," सहदेव म्हणाला. "न लावलेली एखादी पुडी आहे?"

एक होती. त्याने दाणे तळहातावर घेऊन राख पुसली. काळी रेघ नव्हती. दाणे बोटांना किंचित तेलकट लागले.

तिथून तो कर्जतच्या बाजारात जितेशच्या बियाण्यांच्या दुकानात गेला. जितेशने मागे काजळी वालाचं बी विकत मागितलं होतं आणि सोनुबाईंनी त्याला हात हलवत परत पाठवलं होतं. तेव्हा संशयाला जागा होती.

"एक जूनच्या आधी वालाचं बी कुणाला विकलंस?"

"कुणालाच नाही, साहेब. माझ्यावर आलाय का संशय?"

"सगळ्यांवर आहे. हे दाणे बघ. तुझ्याकडचे?"

जितेशने एक दाणा पाण्याने धुतला, डोळ्याजवळची खाच बघितली आणि नाकाशी नेला.

"माझं बी गुलाबी औषधातलं. कितीही धुवा, या खाचेत रंग राहतो. याच्यात नाही. आणि वास घ्या. एरंडेल आहे. कीड लागू नये म्हणून वाणी लावतात. हा खायचा वाल आहे, साहेब. किराण्यातला."

म्हणजे कुणीतरी खायचा वाल आणून, राखेत घोळून, बियाणं म्हणून खपवला होता. एकटीच पुड्या बांधणारी बाई एका दुपारी हे करू शकली असती. पण चाळीस पुड्यांचा वाल नजरेआड आत कसा नेला असता, आणि खरा बाहेर कसा काढला असता? मेळा भरला होता शाळेत, आणि दाराशी सगळं गाव उभं होतं.

शनिवारी सकाळी सहदेव वाडीवर चढला.

भागीचं घर टेकाडाच्या कडेला, कुडाचं, नीटनेटकं सारवलेलं. ती अंगणात बसून सूप विणत होती. चाळिशीची, किरकोळ अंगाची बाई. तिने पाट पुढे सरकवला, पाणी दिलं आणि पुन्हा कामाला लागली.

"भागी, तो वाल कुठून आणलास?"

"माजाच हाय."

"कुणी दिला?"

"सासूनं. तिला तिच्या सासूनं."

"सोनुबाईंच्या तुंब्यातला नाही?"

"त्यांच्यात राख आसते. आमी राख नाय घालत. निरगुडीचा पाला घालतो."

सहदेवने मडक्यात हात घातला. बायकांनी पुरावा म्हणून मूठभर नेला होता, थोडा उरला होता. दाणे कोरडे, स्वच्छ, काळ्या रेघेचे. खाचेत राखेचा कण नाही. वास निरगुडीचा.

मग त्याची नजर दाराशेजारी गेली. कुडाला धरून वालाचा एक वेल वर चढला होता. बुंधा अंगठ्याएवढा, साल खडबडीत. वरून नवी फूट आलेली, गर्द जांभळ्या देठांची.

"हा कधी लावलास?"

"दोन पावसाळं झालं."

चोरी पंधरा दिवसांची आणि वेल दोन वर्षांचा. भागीला चोर ठरवणाऱ्या सहाजणी याच दारातून आत गेल्या होत्या.

"हा वेल त्यांना दाखवायचा नाहीस का?"

"त्या वेलाकडं बगाया नवत्या आल्या."

सहदेव जरा वरमला. तरी प्रश्न थांबवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"पुड्या तू बांधल्यास. दाण्यांवर रेघ नाही, हे तुला दिसलं नाही?"

भागीचे हात थांबले. "दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोनी इचारलं नाय."

"आता मी विचारतोय. तुंब्यातला खरा वाल कुठे गेला, तुला माहीत आहे?"

ती उठली. सूप भिंतीला टेकवलं, झाडू घेतला आणि झाडलेलंच अंगण पुन्हा झाडू लागली.

"सायेब, तुमी शिकल्यालं मानूस. तुमीच शोदा."

ती काहीतरी लपवत होती. टेकडी उतरताना सहदेवला तिचा थोडा रागच आला. आपण तिला वाचवायला आलो आणि ही आपल्यालाच उत्तर देत नाही, असं त्याला वाटलं. हा राग पुढे त्याला फार दिवस आठवणार होता.

सोनुबाईंच्या दारात त्यांची सून रुचिता भेटली. ती नेरळला एका दवाखान्यात नोकरी करते, शनिवारी अर्धा दिवस.

"आई झोपल्यात," ती म्हणाली. "मेळ्यापासून धड जेवत नाहीत. वालाचं फार लागलंय त्यांना."

"लागणारच. मेमध्ये काय जेवू घातलं होतं त्यांनी आम्हाला!"

"मी नव्हते हो त्या दिवशी, ड्यूटीवर होते. तुम्ही परत पाठवलेला डबा धुवायला तेवढा राहिला होता माझ्या वाट्याला."

"त्यानंतर त्या कुठे गेल्या होत्या?"

"दुसऱ्याच दिवशी लोधिवलीला, माहेरी. एकट्या गेल्या आणि रिकाम्या हातानं आल्या. त्या दिवसापासून गप्प आहेत. आल्यावर मला कर्जतहून पाच किलो वाल आणायला लावला. पावसाळ्याची बेगमी म्हणाल्या. घरात खाणारे आम्ही तिघं! तरी वालाचा डबा आत्ताच निम्मा झालाय."

"घरचा वाल नव्हता?"

"यंदा अवकाळीत शेतातला सगळा वाल गेला. फेब्रुवारीपासून घरात वालाचा दाणा नव्हता."

सहदेव काही बोलणार होता, तो थांबला. त्याने रुचिताकडे पुन्हा एकदा बघितलं. तिला आपण काय बोललो याची कल्पना नव्हती.

"मागं परसात जाऊन येऊ का?"

"जा ना. मी चहा टाकते."

परसात मोरीच्या पलीकडे उकिरडा होता. वर कालचं शेण, खाली भाजीची देठं. त्याच्या कडेला वाळलेल्या सालींचा थर, पातळ, कागदासारख्या. वाल भिजवून, मोड आणून सोलला की निघतात तशा. आणि त्या सालींतून दोन रोपं वर आली होती.

देठ जांभळे होते.

सहदेव उकिरड्याजवळ उकिडवा बसला. दोन गणंग. न भिजलेले, न सोलले गेलेले, कचऱ्यात फेकलेले. उशिरा उगवले. त्याने बोटांवर दिवस मोजले. बोट वीस मेपाशी आलं आणि तिथेच राहिलं.

"साहेब."

मागच्या दारात सोनुबाई उभ्या होत्या. त्या किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

"मी वळखलं, तुमी हितंच येनार," त्या म्हणाल्या. "माजी लाज तुमच्या हातात हाय."

"आणि माझी कुणाच्या हातात आहे, सोनुबाई?"

सहदेव चहा न घेता निघाला.

त्या दिवशी संध्याकाळभर त्याने एक गोष्ट रचली. उंदरांनी तुंबा पोखरला, वाल खाल्ला, म्हातारीने भीतीपोटी दुसरा भरला. गोष्ट चांगली होती. भागी सुटत होती, सोनुबाई सुटत होत्या, आणि मुख्य म्हणजे आणखी एकजण सुटत होता. फक्त तुंब्याला भोक नव्हतं. तेही पाडता आलं असतं. असा विचार आपल्याला सुचला याचीच त्याला लाज वाटली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय असतं, हे साठी उलटल्यावर त्याला कळत होतं.

रविवारी समाजमंदिरात चाळीसएक बायका जमल्या. सोनुबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. भागी दाराशी, चपलांजवळ. तिला पुढे ये असं कुणी म्हटलं नव्हतं.

सहदेव उभा राहिला.

"आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भागीने काहीही चोरलेलं नाही. तिच्या दारात काजळीचा वेल आहे, दोन वर्षांचा, अंगठ्याएवढ्या बुंध्याचा. तिचं बियाणं तिच्या सासरचं आहे. त्याला राख नाही, निरगुडीचा वास आहे. तुम्ही नेलेला पुरावा नाकाशी धरला असतात तरी कळलं असतं."

कुजबुज झाली. नम्रताने विचारलं, "मग पुड्यांमधला वाल?"

"किराण्यातला. एरंडेल लावलेला. तो भागीने पुड्या बांधताना घातला नाही. तुंब्यातून निघाला तो तोच होता. मेळ्याच्या आधी कुणीतरी त्याला चुलीच्या राखेत घोळून तुंब्यात भरलं होतं आणि तोंड लिंपलं होतं."

"कुणी?"

"जरा थांबा. आधी खरा वाल कुठे गेला ते ऐका. वीस मेला आपण सोनुबाईंकडे जेवलो. काय होतं पानात?"

"भाकरी," एकजण म्हणाली. "भात, पापड, आणि बिरडं."

"कसलं बिरडं?"

"वालाचं. झकास झालं होतं."

"फेब्रुवारीपासून त्या घरात वालाचा दाणा नव्हता. शेतातला अवकाळीत गेला. किराण्यातला आणला तो पाहुणे जेवून गेल्यानंतर. मग वीस तारखेला वाल आला कुठून?"

मागच्या दोघीतिघी सोनुबाईंकडे वळून बघू लागल्या.

"घरात वाल फक्त एका जागी होता," सहदेव म्हणाला. "तुंब्यात. म्हणून त्या दिवशी पाहुण्यांसमोर तुंबा फोडला नाही. तो रिकामा होता. त्यातला वाल आपल्या पानात होता. उकिरड्यावर त्याची सालं आहेत, आणि दोन गणंग उगवलेत, जांभळ्या देठाचे. बियाणं चोरीला गेलं नाही. बियाणं खाल्लं गेलं. सोळाजणांनी खाल्लं. नम्रताताई, तुम्ही त्यात होतात. भागीच्या घरात शिरलेल्या सहाच्या सहाजणी त्यात होत्या. आणि मीही होतो. मी दोनदा वाढून घेतलं. जाताना डबाही भरून घेतला."

नम्रताने पदर तोंडाला लावला.

"मला वालाची पारख आहे असं मी तालुकाभर सांगत फिरतो. चव कळली, आणि हा वाल मे महिन्यात कुठून आला हे विचारायचं मला सुचलं नाही. बत्तीस वर्षांत साहेबाला कुणी विचारायला शिकवलं नव्हतं. वाढलं ते खायचं, एवढंच शिकवलं होतं. लाज वाटते मला. पण हे सोनुबाईंनी का केलं, ते त्यांनीच सांगावं."

सोनुबाई उभ्या राहिल्या नाहीत. बसूनच बोलल्या, जमिनीकडे बघत.

"जेवनाच्या तीन दिस आदी साहेबांचा फोन आला. काजळीचं बिरडं झालंच पायजे म्हनले. चार मानसं हाव म्हनले. घरात वाल नवता. साहेबाला नाय कसं म्हनू? चार मानसांपुरता तुंब्यातला काढला. त्याच दिशी दुपारी पुन्ना फोन. सोळा जन. बिरड्याला वाल दोन दिस आदी भिजवाया लागतो, आयत्या वेळेला वाढवता येत नाय. मी तुंबा आक्का पालथा केला. म्हनलं, लोधिवलीला भावाकडं हाय, तिथनं आनीन. गेले, तर भावानं तो कवाच सोडल्याला. मग मेळा आला. सगळी माज्या तुंब्याची वाट बगत हुती." त्यांचा आवाज फुटला. "सत्तर वर्सांत मी कदी बियान्याला हात लावला नवता. तोंड कसं दाखवू?"

सोनुबाईंवर रागवावं तर बिरडं जाब विचारणाऱ्या सहाजणींच्याच पोटात गेलेलं.

शेवटी नम्रता उठली. ती दाराशी गेली आणि भागीसमोर उभी राहिली.

"भागी, पुड्या बांधताना तुला रेघ दिसली नाही का गं? तू तेव्हाच बोलली असतीस तर..."

"दिसली हुती," भागी म्हणाली. "आन् तुंब्यात काय गावायचं नाय, ते मला आदीपास्नं ठाव हुतं. वाल सोलाया मीच बसले हुते."

सहदेवने मान वर केली. हे त्याच्या तपासात नव्हतं. सोळा माणसांचा वाल सत्तरीची म्हातारी एकटी कशी सोलेल, एवढा साधा प्रश्नही त्याला पडला नव्हता.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्याने विचारलं. काल तिला 'तू' म्हणालो होतो हे त्याला आता जाणवलं. "मी घरी येऊन विचारलं तेव्हाही बोलला नाहीत?"

"काय बोलू, सायेब? म्हातारीनं बियानं शिजवलं म्हनून? चोरटी म्हनलं तर लोकं चार वर्सांनी इसरत्यात. बियानं खाल्लं म्हनलं तर नातवाच्या लग्नात बी काडत्यात." ती सोनुबाईंकडे वळली. "मला वाटलं, आजी सवता सांगतील. माज्या घरात मानसं शिरली तवा सांगतील. मडकं पालतं केलं तवा सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. मी रोज वाट बगत हुते."

सोनुबाईंना हे ठाऊक होतं. भागीला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी त्या इतके दिवस गप्प बसल्या होत्या. वाल खाल्ल्याची लाज एकवेळ सोळाजणांत वाटली गेली असती. ही लाज त्यांच्या एकटीची होती, आणि ती त्यांच्या तोंडावर सगळ्यांना दिसली.

त्या खांबाला धरून उठल्या. बायकांनी वाट दिली. गुडघे धरत, थांबत थांबत त्या दारापाशी पोचल्या आणि भागीच्या पायांशी वाकायला लागल्या.

भागी झटकन मागे सरली. पाठ दाराच्या चौकटीला लागली तरी तिने पाय पुढे दिला नाही.

"पाया पडू नका, आजी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमी वयानं मोठ्या. तुमी पाया पडलात तर मला माफ करावं लागंल. मला आत्ता नाय करायचं."

तिने चपला पायात सरकवल्या आणि ती बाहेर पडली. सोनुबाई वाकलेल्या होत्या तशाच राहिल्या. त्यांना उठवायलाही कुणी लगेच पुढे आलं नाही.